टेपने बुटका ठरवला: अ‍ॅरन डोनाल्ड आणि २०१४ चा ड्राफ्ट

पहाटेचे साडेचार वाजलेत. अमेरिकेतलं पिट्सबर्ग शहर, त्यातली लिंकन-लेमिंग्टन नावाची वस्ती आणि एका घराच्या तळघरात लाइट लागलाय. खाली लोखंडाच्या प्लेटा, एक बेंच आणि एक शाळकरी पोरगं, डोळे चोळत उभं. शेजारी त्याचे वडील, आर्ची डोनाल्ड. पोरगं तसं आळशीच, असं घरचेच सांगतात, म्हणून वडिलांनी हे सुरू केलं, शाळेच्या आधी रोज वजनं उचलायची आणि मग आंघोळ करून शाळेत जायचं. कुणाच्याही घरी असलं काही सुरू झालं की चार दिवसांत बंद पडतं, आपल्याला माहितीये. इथे ते बंद पडलं नाही. उलट नंतर नंतर पोरगंच आधी उठायला लागलं.

त्या पोराचं नाव अ‍ॅरन. जन्म २३ मे १९९१ चा. आजचा व्हिडिओ त्याच्यावर, म्हणजे खरं तर त्याच्या कॉलेजच्या चार वर्षांवर आणि त्यानंतर आलेल्या ड्राफ्टवर, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमधल्या टीम नंबराने एकेक नवा खेळाडू निवडतात त्यावर, कारण पुढचं सगळं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल, पण २०१४ मध्ये १२ वेळा दुसऱ्याच कुणाचं तरी नाव का घेतलं गेलं, ही गोष्ट मला जास्त इंटरेस्टिंग वाटते.

आधी थोडं बेसिक, ज्यांनी अमेरिकन फुटबॉल कधी बघितलेलाच नाही त्यांच्यासाठी. दोन्ही टीमची जाडजूड माणसं समोरासमोर वाकून बसतात ना, ती लाइन. ज्यांच्याकडे बॉल आहे त्यांची लाइन क्वार्टरबॅकला, म्हणजे बॉल फेकणाऱ्याला, वाचवते आणि समोरची लाइन, म्हणजे डिफेन्सिव्ह लाइन, ती भिंत फोडून आत घुसायला बघते. क्वार्टरबॅकने बॉल फेकायच्या आधीच त्याला आडवा केला की त्याला सॅक म्हणतात. लाइनच्या कडेला असतात ते डिफेन्सिव्ह एंड, आणि अगदी मधे, जिथे गर्दी, ढकलाढकली, कधी कधी दोन-दोन माणसं एकावर, तिथे डिफेन्सिव्ह टॅकल. अ‍ॅरन हा टॅकल. आता या मधल्या जागेसाठी टीमवाल्यांच्या डोक्यात एक साचा असतो, उंची सहा फूट तीन इंचाच्या आसपास, वजन १३५-१४० किलो आणि हात लांब. हात लांब का, तर समोरच्याने तुमच्या छातीवर हात ठेवायच्या आधी तुम्ही त्याच्या छातीवर ठेवायचा, मग तो तुमच्या ताब्यात. लॉजिक चुकीचं नाहीये अजिबात. अडचण एवढीच की अ‍ॅरन त्या साच्यात बसत नव्हता.

पेन हिल्स हायस्कूलमधून बाहेर पडताना तो थ्री-स्टार खेळाडू होता, म्हणजे ठीकठाक. मोठमोठ्या कॉलेजांची रांग वगैरे काही लागली नव्हती. मोठा भाऊ टोलीडो युनिव्हर्सिटीत खेळत होता, तिथून याला पण बोलावणं होतं, पण हा गेला घरच्याच पिटमध्ये. पिट म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ पिट्सबर्ग. टोनी डॉर्सेट, डॅन मरीनो ही फुटबॉलमधली मोठी मंडळी इथलीच, पण २०१० मध्ये तिथलं वातावरण काही फार सुखाचं नव्हतं. हा पहिल्या वर्षाला बदली खेळाडू म्हणून खेळला, तेवढ्यात कोच डेव्ह वॉनस्टेट पद सोडून गेले, त्यांच्या जागी ज्यांना नेमलं त्यांना काही आठवड्यांतच काढलं, मग टॉड ग्रॅहम आले, ते एक सीझन थांबले आणि अ‍ॅरिझोना स्टेटला निघून गेले, मग पॉल क्रिस्ट. प्रत्येक कोच आपली सिस्टीम घेऊन येणार, आणि पोरांनी परत पहिल्यापासून शिकायचं. या असल्या गोंधळात दुसऱ्या वर्षी पठ्ठ्याने ११ सॅक काढले.

तिसऱ्या वर्षानंतर ड्राफ्टला जाता येतं, नियमच आहे, हायस्कूल सोडून तीन वर्षं झाली पाहिजेत. २०१२ च्या सीझनला त्याचे सॅक साडेपाचच होते. तो थांबला, चौथं वर्ष पूर्ण करायला कॉलेजातच राहिला. माझ्या मते त्याच्या सगळ्या करियरमधला हा सगळ्यात शहाणा निर्णय, कारण २०१३ ला जे झालं ते बघून लोकांना डोळे चोळावे लागले.

२०१३ चे आकडे सांगतो, हळू सांगतो. १३ मॅच, ५९ टॅकल (इथे टॅकल म्हणजे जागा नाही, बॉलवाल्याला पकडून पाडणं), ११ सॅक, ४ वेळा समोरच्याच्या हातातून बॉल पाडला. आणि मुख्य आकडा, २८.५. हा काय आहे, तर समोरच्या खेळाडूला त्यांच्या लाइनच्या मागेच, म्हणजे ते पुढे सरकायच्या आधीच, पकडून पाडलं असे प्रसंग. अर्धा का, तर दोघांनी मिळून पाडलं की अर्धा अर्धा वाटून देतात. देशात सगळ्यात जास्त. आणि हे मधल्या गर्दीत बसणाऱ्या माणसाचं! कडेच्या एंडने असे आकडे काढले तर आपण वा म्हणतो, टॅकलने काढले की वाटतं मोजणाऱ्याचं काहीतरी चुकलंय.

एक मॅच सांगायलाच पाहिजे. क्लिप दाखवली असती पण चॅनलवर स्ट्राइक येईल, म्हणून तोंडीच. २ नोव्हेंबर २०१३, अटलांटा, समोर जॉर्जिया टेक. जॉर्जिया टेकची खेळायची पद्धत अशी की क्वार्टरबॅक बॉल घेतो, शेजारून धावत येणाऱ्याच्या पोटाशी नेतो आणि त्या क्षणी ठरवतो, द्यायचा की स्वतःकडे ठेवायचा. डिफेन्सवाल्याची इथेच पंचाईत होते, कुणाला धरायचं? याला धरावं तर बॉल त्याच्याकडे, त्याला धरावं तर याच्याकडे. अ‍ॅरन काय करतो, खेळ सुरू झाला की दोघांच्या मधून इतक्या लवकर आत येतो की बॉल अजून दोघांच्याही हातात आहे, दिला पण नाही आणि ठेवला पण नाही, आणि हा दोघांनाही एकदमच कवेत घेऊन खाली पाडतो. ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे असो, विषय संपला. त्या दिवशी त्याचे ११ टॅकल, त्यातले ६ लाइनच्या मागे, आणि दोनदा बॉल पाडला. पिट ती मॅच हरलं बरं का, २१-१०. एवढं करून हरायचं म्हणजे काय वाटलं असेल.

सीझन संपल्यावर बक्षिसांचा नुसता पाऊस. आउटलँड, लोम्बार्डी, नागुर्स्की, बेडनारिक, म्हणजे लाइनमन किंवा डिफेन्सवाल्याला मिळू शकणारे चार मोठे मान, चारही एकाच वर्षी एकाच माणसाला.

आता तुम्ही म्हणाल, मग प्रश्न काय होता? प्रश्न जानेवारीत सुरू होतो, मॅचेस संपल्या की.

आपल्याकडे ड्राफ्ट म्हटलं की लोकांना आयपीएलचा लिलाव डोळ्यासमोर येतो. तसं नाहीये. इथे बोली लागत नाही. ३२ टीम, ७ राउंड, मागच्या सीझनला जी सगळ्यात वाईट खेळली तिचा पहिला नंबर, आपला नंबर आला की एक नाव सांगायचं, संपलं. आणि पैसा पण नंबरावरच ठरतो साधारण, त्यामुळे दुसरा की तेरावा यात पोराच्या खिशाला कोट्यवधींचा फरक पडतो. म्हणून त्याआधीचे तीन-चार महिने या पोरांची जी तपासणी चालते ती बघितली तर बैलबाजाराची आठवण येते, खरंच. इंडियानापोलिसला कॉम्बाइन नावाचा प्रकार असतो, तिथे उंची मोजतात, वजन करतात, हाताची लांबी मोजतात, तळहात पसरवून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत मोजतात. मग पळवतात, उड्या मारायला लावतात.

अ‍ॅरनची उंची भरली सहा फूट पाऊण इंच. वजन २८५ पौंड, म्हणजे १२९ किलो. तुमच्या-माझ्या हिशोबात राक्षस, त्यांच्या हिशोबात लहान. टॅकल म्हणून खेळवायचं तर क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या लाइनमधले मोठे गार्ड याला दाबून टाकतील, एंडला न्यायचं तर तिथे उंची कमी, मग ठेवायचा कुठे? असली चर्चा. त्यातून आधीची उदाहरणं होतीच. सिनसिनाटीचा जीनो अ‍ॅटकिन्स असाच बुटका टॅकल, २०१० ला त्याला चौथ्या राउंडपर्यंत थांबावं लागलं, नंतर तो लीगमधल्या उत्तम टॅकलपैकी एक झाला. त्याच्याही आधी जॉन रँडल, त्याला तर १९९० च्या ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नाही, आणि २०१० ला तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. म्हणजे धडा समोर होता. तरी टेप निघालीच.

मग बेंच प्रेस. २२५ पौंडांचा बार, १०२ किलो, थांबेपर्यंत वर-खाली करायचा. अ‍ॅरनने ३५ वेळा केला. तळघरातली पहाट आठवली मला हे वाचताना. आणि मग ४० यार्डांची धाव, साधारण साडेछत्तीस मीटर. १२९ किलोचा माणूस, ४.६८ सेकंद. टॅकलचं सोडा, यापेक्षा कितीतरी हलक्या खेळाडूंना हा टाइम जमत नाही.

त्याच्याही आधी मोबिल, अलाबामाला सीनियर बोल झाला होता, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या निवडक पोरांची एक मॅच, पण सगळ्यांचं लक्ष असतं आठवडाभराच्या सरावाकडे. तिथे एकास-एक लावतात, एक लाइनमन वाचवणारा, एक घुसणारा, मदतीला कुणी नाही, चारी बाजूंनी टीमचे लोक वह्या घेऊन उभे. अ‍ॅरनने तिथे जे केलं त्याची चर्चा पुढे महिनाभर चालली. कारण सोपंय, तो खाली राहायचा. तालमीत कुठलाही वस्ताद हेच सांगेल ना, जो खाली तो उचलणार. सहा फूट पाच इंचाच्या गार्डला याच्या छातीपर्यंत पोहोचायला कंबरेतून वाकावं लागतं, आणि तो वाकला की पाय हलके होतात, तेवढ्यात याचे हात त्याच्या मनगटावर बसलेले असतात, एक झटका आणि हा पलीकडे. त्याच्या हातांच्या या स्पीडवर त्याने पुढेही इतकी मेहनत घेतली की ट्रेनर समोरून नकली चाकू चालवतोय आणि हा ते हाताने उडवतोय असा एक व्हिडिओ नंतर व्हायरल झाला होता, शोधा, सापडेल.

म्हणजे ज्याला कमीपणा म्हणत होते तेच त्याचं हत्यार होतं, आणि हे काही मी आज दहा-बारा वर्षांनी शहाणपण सांगत नाहीये, ते तेव्हाच्या मॅचेसमध्ये उघड दिसत होतं.

८ मे २०१४. न्यूयॉर्क, रेडिओ सिटी म्युझिक हॉल. पहिला नंबर ह्यूस्टनचा, त्यांनी जेडेव्हियन क्लाउनीला घेतलं, तो पण लाइनमन, पण कडेचा, उंच, लांब हातांचा, साच्यातून काढल्यासारखा. दुसरा नंबर सेंट लुइस रॅम्सचा. हा नंबर मुळात वॉशिंग्टनचा, क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिनसाठी वॉशिंग्टनने दोन वर्षांपूर्वी जे काय काय देऊन टाकलं होतं त्यात हा पण गेलेला. रॅम्सने घेतला ग्रेग रॉबिन्सन, ऑबर्न युनिव्हर्सिटीचा ऑफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या लाइनमधला. मग एकेक नावं येत गेली. सगळ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही हं, पाचव्याला खलील मॅक गेला, सातव्याला माइक इव्हान्स, बाराव्याला ओडेल बेकहम, या टीमवाल्यांना कोण वेडं म्हणेल? पण क्लीव्हलँडने आठव्याला जस्टिन गिल्बर्ट घेतला, तिथे मात्र बोलायला जागा आहे.

तेराव्या नंबरला परत रॅम्स, यावेळी स्वतःचा हक्काचा नंबर. आणि तेव्हा अ‍ॅरन डोनाल्ड. मला गंमत याची वाटते की ज्यांना तो मिळाला त्यांनी पण आधी एकदा त्याला सोडलाच होता. रॉबिन्सनला पहिल्या करारात अ‍ॅरनच्या दुपटीने पैसे मिळाले, आणि २०१७ ला रॅम्सने त्याला डेट्रॉइटला देऊन टाकलं, सहाव्या राउंडच्या एका नंबराच्या बदल्यात.

पुढचं पटापट सांगतो. सुरुवातीच्या मॅचेसमध्ये तो बेंचवरून यायचा, तरी ९ सॅक आणि वर्षातला सर्वोत्तम नवा डिफेन्सिव्ह खेळाडू. १० सीझन खेळला, दहाही वेळा प्रो बोलमध्ये, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंमध्ये. २०१७, २०१८ आणि २०२० ला लीगचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू. २०१८ ला साडेवीस सॅक, मधल्या गर्दीतून. २०१९ ला त्याने पिटला सात आकडी डॉलरची देणगी दिली, तिथल्या फुटबॉल सेंटरला आता त्याचं नाव आहे.

आणि १३ फेब्रुवारी २०२२, लॉस एंजेलिस, सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल. रॅम्स एव्हाना सेंट लुइस सोडून इथे आलेले. स्कोअर २३-२०, रॅम्स पुढे, सिनसिनाटीकडे बॉल, एक मिनिटापेक्षा कमी वेळ, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं, त्यातला एक यार्ड हवाय, फक्त एक. तिसऱ्या प्रयत्नाला ते धावून बघतात, अ‍ॅरन मागून धरून थांबवतो. चौथा प्रयत्न, शेवटचा. क्वार्टरबॅक जो बरो बॉल घेऊन मागे सरकतो, समोरचा गार्ड अ‍ॅरनच्या अंगावर यायला बघतो, पण हा त्याच्या बाजूने कधीच निघून गेलेला असतो. बरोची पाठ त्याच्या हातात येते, तो त्याला गरकन फिरवतो, आणि बरो पडता पडता कसाबसा बॉल पुढे टाकतो. बॉल कुणाच्याच हातात न येता जमिनीवर.

अ‍ॅरन हेल्मेट काढून पळत सुटतो, आणि पळता पळता डाव्या हाताच्या अनामिकेकडे बोट दाखवत राहतो. अंगठी. चॅम्पियन टीमला मिळते ती.

१५ मार्च २०२४ ला त्याने खेळणं थांबवलं, वय ३२. नुकत्याच संपलेल्या सीझनला पण त्याला लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या पहिल्या संघात निवडलेलं होतं, म्हणजे अजून खेळला असता. नाही खेळला. उंची शेवटपर्यंत तेवढीच, सहा फूट पाऊण इंच.