रमाबाईंचं बायबल आणि आईची भाकर

[स्वयंपाकघर, पहाट. परातीत बाजरीचं पीठ.]

ही माझी आई. बाजरीचं पीठ कोमट पाण्यात मळायचं, आणि एका वेळी एकाच भाकरीपुरतं मळायचं, कारण मळून ठेवलं की भाकर थापताना कडा चिरतात. बघा, तळहाताच्या खालच्या भागाने पीठ पुढे रगडते, परत ओढून घेते, परत रगडते. मग थापायची, तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आलं की उलटायची, आणि शेवटी तवा बाजूला करून थेट जाळावर. ही फुगली बघा.

2021 च्या एप्रिलमध्ये बाबा गेले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. त्यानंतर बरेच महिने आईने आमच्या घरी बाजरीची भाकर केलीच नाही, कारण ती बाबांसाठीच व्हायची. उपासनेला ती जात होती, बसत होती, पण गायला उभी राहत नव्हती. आमच्या नगरच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आईचा आवाज सगळ्यांना माहीत आहे, तर लोक येऊन सांगायचे, ताई विश्वास ठेवा, देव बघतोय, रडू नका. चांगल्याच मनाने सांगायचे. पण घरी आल्यावर ती दार लावून झोपायची.

मग एक दिवस तिने पीठ काढलं. मी विचारलं आज कसं काय, तर मला म्हणाली, "अगं, एलीयाला देवाने आधी जेवायला घातलं. बोलणं नंतर."

हे बायबलमधल्या 1 राजे या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायातलं आहे. एलीया संदेष्टा, राणी ईजबेल जिवावर उठलीये म्हणून पळत सुटलेला, रानात एक दिवसाची वाट चालून रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि म्हणतो की आता पुरे झालं, देवा माझा जीव घे. आणि झोपून जातो. दूत येतो तो काय करतो, तर त्याला हलवून उठवतो आणि म्हणतो ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. तो खातो आणि परत झोपतो! त्यालाही दूत रागवत नाही. दुसऱ्यांदा उठवतो, परत खायला देतो, म्हणतो तुझी वाट लांबची आहे. मी हे लहानपणापासून शब्बाथशाळेत, म्हणजे रविवारच्या बायबलच्या वर्गात, ऐकत आलेय पण त्यात सगळं लक्ष पुढच्या होरेब डोंगरावर, वारा, भूकंप, अग्नी आणि मग देवाचा तो मंद आवाज यांच्यावर असायचं. भाकरीजवळ कुणी थांबलंच नव्हतं.

आईने मग आजीची ट्रंक उघडली.

[ट्रंक. जुनं पुस्तक, पुठ्ठा सुटलेला, पानं पिवळी.]

हे बायबल केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, रमाबाईंनी निराधार बायकांसाठी काढलेल्या संस्थेत, छापलेलं. भाषांतर पंडिता रमाबाईंचं. आजी यातूनच वाचायची, आणि यातलं मराठी आपल्या नेहमीच्या बायबलपेक्षा वेगळं लागतं कानाला, जरा ओबडधोबड, पण समोर बसून कुणीतरी सांगतंय असं. आई म्हणाली, "जिने हे लिहिलं तिचं गाव बघायचंय मला." एवढंच. त्यावरून हा सगळा व्हिडिओ झाला.

[रेल्वेच्या खिडकीतून. ऊस, विहिरी, बाभळी.]

नगरवरून निघालो, दौंडला गाडी बदलली. पाटस, कडेठाण आणि मग केडगाव. (नगरच्या वेशीवरचं केडगाव वेगळं, हे दौंड तालुक्यातलं. आम्हालाही प्रत्येकाला हे सांगावं लागलं.) सकाळचं ऊन आहे, उसाच्या ट्रॉल्या दिसतायत, आणि आई खिडकीला डोकं टेकून बसलीये. हा शॉट माझ्या भावाने तिला न सांगता घेतला.

या खिडकीतून हिरवं दिसतंय ते बघताना मला सारखं एक डोक्यात येत होतं. रमाबाई सोळासतरा वर्षांच्या होत्या तेव्हा त्यांनी दुष्काळ कसा बघितला. वडील अनंतशास्त्री डोंगरे, संस्कृतचे मोठे विद्वान, बायकोला शिकवलं म्हणून लोकांचा रोष घेतलेला माणूस, आणि हे कुटुंब तीर्थामागून तीर्थ फिरत पुराणं सांगून जगायचं. त्या दुष्काळात साठवलेलं सगळं संपलं. रानात अकरा दिवस पाणी, पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वडील गेले, थोड्याच दिवसांत आई गेली, मग मोठी बहीण गेली.

त्यांची आई शेवटच्या दुखण्यात असताना तिच्यासाठी भाकरीचा तुकडा मागायला रमाबाई शेजारच्या घरी गेल्या. मागायला तोंडच उघडेना. नुसतं रडू येत होतं. त्या घरच्या बाईने ओळखलं आणि बाजरीची भाकर हातात दिली, ती घेऊन त्या धावत आल्या, तर आईला खाण्याची ताकदच उरली नव्हती. आई गेल्यावर न्यायला माणसं मिळेनात. भाऊ, दोन ब्राह्मण, आणि चौथा खांदा रमाबाईंचा, आणि त्या उंचीला कमी म्हणून त्यांना ओझं खांद्यावर घेता येईना, तर डोक्यावर घेऊन चालल्या. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

हे मी गाडीत आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. फोन माझ्या हातातून घेतला आणि परत एकदा स्वतः वाचलं.

[केडगाव स्टेशन. पाटी. माणसं उतरतायत.]

पुढचं भराभर सांगते, नाहीतर व्हिडिओ तासाचा होईल. भाऊबहीण चालत चालत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले, तिथल्या पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि पंडिता, सरस्वती या पदव्या दिल्या. 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी लग्न, 1881 मध्ये मनोरमा झाली, आणि 1882 च्या फेब्रुवारीत नवरा बिपिनबिहारी कॉलऱ्याने गेले. चोवीस वर्षंही पूर्ण नाहीत आणि मागे फक्त एक तान्ही मुलगी. पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं पण कानाने कमी ऐकू यायला लागलेलं, तो रस्ता बंद. बरोबर गेलेली मैत्रीण आनंदीबाई भगत, ती तिकडेच वारली.

त्या इंग्लंडमध्ये, लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने टाकलेल्या बायकांना सांभाळणारं एक घर त्यांनी बघितलं. अशा बायकांसाठी कुणी हे का करेल, असं विचारल्यावर तिथल्या एका सिस्टरने, म्हणजे ननने, त्यांना बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 4 थ्या अध्यायातली शोमरोनी बाई वाचून दाखवली, यहुदी लोक ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या लोकांतली. भर दुपारी एकटी विहिरीवर आलेली, आणि तिच्याशी येशू पाणी मागून बोलायला सुरुवात करतो. 29 सप्टेंबर 1883 ला वाँटेज इथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

आता इथे मला थोडं थांबायचंय, कारण आपल्या साक्षींमध्ये असं असतं की बाप्तिस्मा झाला आणि सगळं छान झालं. रमाबाईंचं तसं झालं नाही, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की मला ख्रिस्ती धर्म मिळालाय पण ख्रिस्त मिळालेला नाही. आठ वर्षं! तोवर अमेरिका झाली होती, पुस्तक झालं होतं, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन, विधवा मुलींची शाळा, सुरू झालं होतं, नाव झालं होतं, आणि आतून कोरडं. सदन पुण्यात आल्यावर 1893 मध्ये वादळ उठलं, त्या मुलींना बाटवतायत म्हणून, आणि पालकांनी वीसपंचवीस मुली काढून नेल्या, सल्लागार मंडळातली मोठी माणसं बाजूला झाली. दोन्हीकडून एकट्या. माझ्या आईला जे लोक सांगत होते की विश्वासात कमी पडतेयस, त्यांना मला हे वाक्य दाखवायचं होतं. कमीपणा न मानता लिहिलेलं वाक्य आहे ते.

[मुक्ती मिशनचा परिसर. झाडं, शाळेच्या गणवेशातल्या मुली लांबून.]

1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे मुली आणल्या. पुण्यात प्लेग, शहरात ठेवता येईना, म्हणून केडगावच्या माळावरच्या शेतात. जिला स्वतःच्या आईला भाकरीचा तुकडा भरवता आला नव्हता ती आता तीनशे जणींच्या भाकरी मोजत होती. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर इथे जवळपास दोन हजार जणी होत्या. शाळा, शेत, माग, अंधांसाठी बोटांनी वाचायचं शिक्षण, सगळं. काम आजही चालू आहे. मुलींचे चेहरे आम्ही मुद्दाम घेतले नाहीत.

आई त्या झाडाखाली बराच वेळ बसली होती.

[छापखाना. खिळ्यांचे खण.]

हा छापखाना केडगावचा नाही, पुण्यातला आहे, आणि हे काका शेवटच्या काही लोकांपैकी आहेत ज्यांना अजून हाताने खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवता येतात. रमाबाईंच्या बायबलचे खिळे मुक्तीतल्या बायकांनी जुळवले, छापलं त्यांनी, बांधलं त्यांनी. ज्या मुली दुष्काळातून हाडांचा सापळा होऊन आल्या होत्या त्यातल्याच कितीतरी. म्हणून आम्हाला हे काम बघायचं होतं.

तर बघा. प्रत्येक अक्षराचा वेगळा खिळा, शिशाचा. आणि अक्षर उलटं. इंग्रजीला थोडेसे खण पुरतात पण आपल्याकडे काना वेगळा, मात्रा वेगळी, वेलांटी, रफार, जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, त्यामुळे माणूस खणांच्या भिंतीतच उभा असतो. काका बघतसुद्धा नाहीत, हात आपोआप जातो. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, उजव्या हाताने एकेक खिळा. ओळ भरली की मध्ये पातळ पट्टी. अशा ओळी गॅलीत, म्हणजे लांब तबकात, उतरवायच्या, पान झालं की दोऱ्याने करकचून बांधायचं. शाई लावायची, कागद ठेवायचा, प्रूफ काढायचं, म्हणजे चुका तपासायला पहिली छाप. चूक सापडली की चिमट्याने तो खिळा उपसायचा आणि दुसरा बसवायचा. आणि छापून झालं की सगळे खिळे धुऊन परत आपापल्या खणात, कारण पुढच्या पानाला तेच लागणार.

मी काकांना विचारलं, तुम्हाला एक पान जुळवायला किती वेळ लागतो? म्हणाले, "पान किती गच्च आहे त्यावर. सकाळी बसलो तर दुपारच्या जेवणापर्यंत उठत नाही."

बायबलमध्ये 66 पुस्तकं, 1189 अध्याय, एकतीस हजारांवर वचनं.

आणि हे झालं नुसतं जुळवणं. त्याच्याआधी रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं, का तर खेड्यातल्या साध्या बाईला वाचून कळेल असं मराठी पाहिजे, पंडिती नको. संस्कृत ज्यांना तोंडपाठ होतं त्यांनी संस्कृत शब्द गाळून लिहायचं! सतराअठरा वर्षं हे काम चाललं. 24 जुलै 1921 ला मनोरमा गेली. चाळीस वर्षांची, एकुलती एक, आईच्या मागे सगळं तिनेच बघायचं असं ठरलेलं. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या, कान गेलेले, तब्येत ढासळलेली, आणि टेबलावर प्रूफं.

त्यांनी प्रूफं वाचली. शेवटच्या आजारात देवाकडे दहा दिवस मागून घेतले, काम पुरं करायला, असं सांगितलं जातं. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. संपूर्ण बायबल छापून आलं ते त्यांच्या मागे.

[प्रूफचा कागद उचलला जातो. ओली शाई.]

काकांनी आमच्यासाठी चार ओळी जुळवल्या. कुठल्या ते आईने सांगितलं, 42 वं स्तोत्र. त्यात माणूस स्वतःच्याच जिवाला विचारतो की तू असा खचलास का, देवाची वाट बघ. हा प्रश्न 42 व्यात दोनदा येतो आणि 43 व्यात परत एकदा, जवळजवळ शब्दाला शब्द. मी आधी समजायचे की लिहिणाऱ्याने उगाच परत लिहिलंय. आई म्हणाली, "एकदा विचारून ऐकतो का जीव?"

[नगर. रविवारी संध्याकाळी भजन. तबला, पेटी, टाळ.]

ही आमची मंडळी. अभंगाच्या चालीवर ख्रिस्ती भजन म्हणायची रीत आमच्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी रुजवली, ते 1919 मध्ये गेले, चाली अजून चालतात. आई दुसऱ्या रांगेत आहे, निळ्या साडीत. टाळ हातात आहे. गात नाहीये, पण टाळ वाजवतेय.

[घर. रात्र. टेबललॅम्प, आजीचं बायबल.]

हे शेवटचं शूटिंग. मी तिला म्हटलं होतं की कॅमेऱ्याकडे बघू नको, तुला पाहिजे तिथून वाच. तिने 42 वंच काढलं. मध्ये एकदा थांबलीये, चष्मा काढून पदराने पुसलाय, आणि पुढे न जाता तीच ओळ परत सुरू केलीये. हे आम्ही कापलं नाही. इथून पुढे मी बोलत नाही, आईच वाचतेय.