हत्ती हिरवा झाला तरी चालेल

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्या बेळगाव भागात जुनी इरकली साडी उलगडली की पदराशी कधी हत्ती दिसतो, कधी रथ, पालखी, तुळशीवृंदावन. हे भरतकाम म्हणजे कसुती. ख्याती धारवाडची, पण आपल्याकडेही ती हौसेनं भरली गेली. असा पदर हाती आला तर नीट बघा. पदराजवळचे आकार मोठे, तिथून लांब जाल तसे लहान होत जातात. कापडावर आधी पेन्सिलीनं काहीही काढलेलं नसतं. ताण्याबाण्याचे दोरे मोजायचे आणि टाका घालायचा.

त्यातला गवंती टाका माझा फार लाडका. जाताना एक घर भरायचं, एक सोडायचं. परतताना सोडलेली घरं भरत यायचं. नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, आणि गाठ कुठेच मारायची नाही. त्यामुळे सुई पुढे काढण्याआधी परतीची वाट ठरलेली लागते. डोक्यात घरच्या कटकटी फिरत असल्या की मोजणी चुकते, रेघ एका दोऱ्यानं सरकते आणि उसवत बसावं लागतं. मग आपोआपच कटकटी बाजूला पडतात. मन थाऱ्यावर आणायला मला तरी याहून चांगला उपाय सापडलेला नाही.

आपण भरतकाम फार काळ रुखवतात मांडण्यासाठी केलं. चारचौघी बघणार म्हणून जपून, नमुन्याबरहुकूम. ते सुंदरच असतं. पण बायांनो, आणि बाप्यांनोही, एखादं कापड निव्वळ स्वतःसाठी भरा. मुरगी टाक्याच्या पायऱ्या, मेंथी टाक्याच्या फुल्या आधी हाताला बसू द्या. मग हातरुमालाएवढं मॅटीचं, म्हणजे दोरे मोजता येतील असं, कापड घ्या आणि दारातली म्हैस भरा, गल्लीतली रिक्षा भरा, खानापूरच्या पावसात उलटी झालेली छत्री भरा. कसुतीत टाका आडवा, उभा नाहीतर तिरपा, गोलाई नाहीच. म्हणून मांजराच्या पाठीला पायऱ्या येतात, रिक्षाच्या चाकांना कोपरे फुटतात. मुलं ते बघून खदखदून हसतात आणि लगेच सुई मागतात. द्या त्यांना! हत्ती हिरवा झाला तरी चालेल, पोपट जांभळा झाला तरी चालेल. कुणाला दाखवायचं नसलं की रंग निवडताना हात कचरत नाही.

नव्यानं बसणाऱ्यांसाठी थोडं सांगते. दोरे डोळ्यांनी मोजता येतील असंच कापड घ्या. सुई बोथट टोकाची हवी, म्हणजे कापडाचा दोरा चिरत नाही. सहापदरी लडीतले दोनच पदर काढा, तेही हातभर; लांब दोरा गुंततो. सुरुवातीचं टोक पुढच्या टाक्यांखाली दाबून टाका. चंद्रकळेसारखं काळं कापड मात्र दिवसाउजेडीच, खिडकीशी बसून भरा. रात्री दिव्याखाली त्याचे दोरे दिसत नाहीत आणि डोळ्यांना नाहक ताण पडतो.

नमस्कार.