तलावातला एक टक्का

श्रोतेहो, नमस्कार.

दादरच्या सखल हिंदमाताला गुडघाभर पाणी तुंबलंय आणि त्याच दिवशीच्या पेपरात दहा टक्के पाणीकपातीची बातमी आहे, हे मुंबईकराला नवीन नाही. 2023 च्या जुलैत दहा टक्के कपात होती, 2024 च्या जूनमध्येही होती. मग लोक चिडून विचारतात, एवढा पाऊस पडतोय तर पाणी जातं कुठे? प्रश्न रास्त आहे.

दादर-अंधेरीचा पाऊस नाल्यातून समुद्राला मिळतो. आपल्या नळाचं पाणी सात तलावांतून येतं. त्यातले विहार आणि तुळशी तेवढे शहराच्या हद्दीत, आणि त्या दोघांचा मिळून वाटा शंभरात जेमतेम अडीच. बाकी सगळी भिस्त भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर आणि तानसा यांच्यावर. म्हणजे पाऊस पडायला हवा तो ठाणे, पालघर, नाशिकच्या डोंगरांत.

आता थोडा हिशोब करू. सातही तलाव काठोकाठ भरले, तर साठा होतो सुमारे 14 लाख 47 हजार दशलक्ष लिटर. शहराला रोज दिलं जातं 3,900 दशलक्ष लिटरच्या आसपास. भागून बघा, वर्षभराचं पाणी निघतं, त्याहून फार काही नाही. म्हणून 1 ऑक्टोबरचा साठा इतका महत्त्वाचा. त्या दिवशी कणगीत जेवढं असेल तेवढ्यावर पुढचा पावसाळा गाठायचा. एक टक्का तूट म्हणजे साडेतीन दिवसांहून थोडं जास्त पाणी कमी. पाच टक्के तूट ऐकायला किरकोळ वाटते, पण ते अठरा दिवस आहेत. आणि जूनमध्ये पाऊस अठरा दिवस लांबणं काही दुर्मीळ नाही. 2015 मध्ये ऑगस्ट संपायच्या आतच वीस टक्के कपात करावी लागली होती. 2018 चा पाऊस अपुरा पडला, तेव्हा नोव्हेंबरात लागलेली दहा टक्के कपात पुढच्या जुलैपर्यंत चालली.

पूर तासाभरात येतो, दुष्काळ महिनोन्महिने साचत जातो. हवामान खात्याच्या हिशोबात पाऊस सरासरीच्या 75 टक्क्यांखाली गेला की दुष्काळ. पण पाऊस कमी पडणं ही पहिली पायरी झाली. मग मातीतली ओल जाते, पिकं माना टाकतात, आणि त्यानंतर विहिरी-तलावांचा तळ दिसू लागतो. शेतकऱ्याला ऑगस्टच्या खंडातच काय ते कळून चुकतं. सरकारी घोषणा ऑक्टोबरअखेर होते. 2018 मध्ये 151 तालुक्यांत झाली, 2023 मध्ये 40 तालुक्यांत. आणि मुंबईला दुष्काळ जाणवतो तो मे महिन्यात. एवढ्या उशिरा कळतं, हाच आपला खरा धोका आहे असं मला वाटतं.

शिवाय कपात सगळ्यांना सारखी बसत नाही. टॉवरच्या टाकीत दहा टक्के पाणी कमी आलं, तर वॉचमन पंप थोडा कमी चालवतो. टेकडीवरच्या वस्तीत मात्र पाणी दाबावर चढतं. दाब पडला की खालच्या गल्लीत धार येते आणि वरच्या गल्लीत नळ नुसता हवा सोडतो. पहाटे चारला ड्रम-हंडे मांडून बसलेल्या बाईच्या वाट्याला आलेली ती कपात दहा टक्क्यांची नसते. पालिकेच्या चावीवाल्याने गल्लीच्या व्हॉल्व्हची चावी कधी फिरवली, किती वेळ उघडी ठेवली, यावर तिचा सगळा दिवस ठरतो.

आणि ज्या शहापूर तालुक्यातून आपलं पाणी येतं, तिथल्या कितीतरी गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. पाऊस तिथे धो धो पडतो, पण खाली काळा कातळ. पाणी मुरत नाही, उतारावरून निघून जातं. धरण दिसतंय आणि हंडा रिकामा, हे तिथल्या बायाबापड्यांचं दरवर्षीचं दुःख आहे. त्यांच्या पाण्याची सोय आधी व्हायला हवी, हे मी इथे मुंबईत बसूनच म्हणतो.

दुष्काळाचा भार शहराने उचलल्याची चांगली नोंदही आपल्याकडे आहे. 1972 च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला, पाझर तलाव खोदायला कामावर आली. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली, आणि तिच्या पैशासाठी 1975 साली व्यवसाय कराचा कायदा झाला. तुमच्या पगाराच्या स्लिपवर महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापलेले दिसतात ना, तोच हा कर.

तेव्हा यंदा मे महिन्याची वाट बघू नका. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेपरातला तलावांचा तक्ता कापून सोसायटीच्या बोर्डावर लावा. टाकी भरून वाहत असेल, तर बॉलकॉक त्याच आठवड्यात बदला. पावसाचं पाणी जिरवायची सोय नकाशावर आहे पण तिचा पाइप तुंबलाय, अशा इमारती पुष्कळ आहेत. तुमची त्यातली आहे का, ते गच्चीवर जाऊन बघा. आणि वस्तीतल्या मंडळांनो, कपात लागली की अगदी वरच्या टोकाच्या नळाला पाणी किती वाजता आलं आणि किती वाजता गेलं, हे वहीत रोज लिहा. पंधरा दिवस झाले की ती वही घेऊन चौघेजण वॉर्ड ऑफिसात जा आणि पाणी खात्याच्या इंजिनिअरसमोर ठेवा.