कोंबडी, तितर आणि व्हेंटिलेटर

(दृश्य: वसई किल्ला, सकाळ. पडक्या चर्चची भिंत, तिच्यातून उतरलेली पिंपळाची मुळं.)

वसईच्या किल्ल्यात सकाळी साडेसहाला दोन प्रकारची माणसं भेटतात. चालायला आलेली, आणि लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली. हे जोडपं ज्या भिंतीला टेकून हसतंय, ती डॉमिनिकन संघाच्या, म्हणजे कॅथलिक संन्याशांच्या एका संघाच्या, चर्चची भिंत. पोर्तुगीज अमलातली, सोळाव्या शतकातली. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, संन्यासी निघून गेले. छप्पर गेलं. कमान तेवढी उभी आहे.

याच संघाचा एक संन्यासी त्याच शतकात स्पेनमधल्या सलामांका विद्यापीठात शिकवत होता. फ्रान्सिस्को दे व्हितोरिया.

(दृश्य: सलामांकातल्या पुतळ्याचा फोटो, हळूहळू जवळ.)

पायांच्या वातानं तो इतका जखडला, की शेवटी विद्यार्थी त्याला खुर्चीसकट उचलून वर्गात आणायचे. आणि हा आजारी मास्तर शिकवताना एक प्रश्न घ्यायचा. आजारी माणसाला जेवण जात नसेल आणि त्यानं जेवण सोडलं, तर ते पाप का? आत्महत्या का?

प्रश्न सोपा नव्हता. जीव देवाचा, आपण फक्त राखणदार, हे ख्रिस्तसभेचं, म्हणजे कॅथलिक चर्चचं, जुनं सांगणं. मग राखणदारानं किती राखायचं?

व्हितोरियाचं उत्तर थेट स्वयंपाकघरातून येतं. जगण्याची आशा आहे आणि घास जातोय, तर खायला हवं. पण मन इतकं खचलंय, अन्नाचा इतका तिटकारा आलाय, की एकेक घास म्हणजे छळ, तर तो माणूस मोकळा. त्याच्यावर महापापाचा दोष नाही. पुढे तो म्हणतो: वैद्यानं कोंबडी आणि तितर खायला सांगितलं, तरी माणसानं अंडी आणि रोजचं जेवण खाल्लं तर चालेल. कोंबडी-तितरानं आणखी 20 वर्षं आयुष्य मिळणार, अशी खात्री असली तरीही.

20 वर्षं! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्हीही इथल्या फादरांना पुन्हा विचारलं होतं. त्यांनी मान हलवली.

(दृश्य: वाडीतलं घर. ओटी, केळीची पानं, आतल्या खोलीत पलंग.)

हे घर किल्ल्यापासून फार लांब नाही. आजी नव्वदीच्या आसपास. जन्मतारीख कुणालाच नक्की माहीत नाही. भिंतीवर खिळ्याला रोझरी, खाली औषधांच्या पट्ट्यांचा डबा.

स्टीलच्या वाटीत तांदळाची पेज. सून चमचा वाटीच्या काठावर निथळून घेते, हनुवटीखाली पंचा धरते. एक चमचा. दुसरा. तिसरा गालात राहतो, मग उतरतो. चौथ्याला ओठ मिटतात.

“आजी, एकच.”

“नको गं बाय.”

काल सुकेळीचा, सुकवलेल्या केळ्याचा, तुकडा पाण्यात भिजवून दिला होता. तोही परत आला.

शेजारणी येतात, बसतात, जाताना दारात हळूच सांगतात: हॉस्पिटलात न्या, नळी घाला, मशीनवर ठेवा. आपल्या धर्मात सोडून देणं चालत नाही. सुनेनं हे फादरांना विचारलं, आणि खरं सांगायचं तर हा माहितीपट तिथून सुरू झाला.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. रुग्णालयाचा वॉर्ड, हातातली रबरी पिशवी.)

व्हितोरियाच्या काळात मशीन नव्हतं. 1952 मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. श्वास बंद पडत चाललेली मुलं. गळ्यात नळी घातलेली, नळीला रबरी पिशवी, आणि ती पिशवी हातानं दाबायला पाळ्या लावून बसलेले वैद्यकीय विद्यार्थी. दिवस-रात्र. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात या पिशवीपासून झाली.

हाताची जागा यंत्रानं घेतली, तसा भूलतज्ज्ञांपुढे नवाच पेच आला. यंत्र चालू आहे, छाती वर-खाली होतेय, माणूस परत येत नाही. बंद करायचं का? ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचे भूलतज्ज्ञ डॉ. ब्रूनो हाइड यांनी हा प्रश्न थेट पोपना विचारला. 24 नोव्हेंबर 1957 रोजी पोप पायस बारावे यांनी उत्तर दिलं. माणूस साधारण उपाय करायला बांधील आहे. असाधारण उपायाला नाही. साधारण म्हणजे काय? माणूस, जागा, काळ पाहून ठरवायचं, आणि स्वतःवर किंवा दुसऱ्यावर भारी ओझं पडत नसेल तोच. मृत्यूचा नेमका क्षण कोणता, तेही वैद्यकानं ठरवावं, असं ते म्हणाले.

‘दुसऱ्यावर’ हा शब्द लक्षात ठेवा. आयसीयूच्या बिलापायी जमीन विकलेली घरं या पट्ट्यातही आहेत. त्यांनी कॅमेरा नको म्हटलं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत पोपनी वेदनाशामकांबद्दलही सांगितलं होतं. वेदना कमी करण्यासाठी औषध दिलं आणि त्यामुळे आयुष्य थोडं कमी झालं, तर चालेल. हेतू मारण्याचा नको. याच्या मुळाशी दुहेरी परिणामाचा नियम आहे: एकाच कृतीचे दोन परिणाम, एक हवा असलेला चांगला, दुसरा नको असलेला वाईट. तो तेराव्या शतकातला धर्मपंडित थॉमस अक्वायनस याच्या स्वसंरक्षणाच्या चर्चेपर्यंत मागे जातो.

(दृश्य: 1970 च्या दशकातल्या अमेरिकी शहराची छायाचित्रं, न्यायालयाच्या पायऱ्या.)

न्यू जर्सी, एप्रिल 1975. करेन अ‍ॅन क्विनलन, वय 21, कोमात गेली आणि व्हेंटिलेटरवर आली. आईवडील, जोसेफ आणि ज्युलिया, नेमानं मिस्सेला जाणारे कॅथलिक. महिने गेले. जोसेफ आपल्या पॅरिशच्या फादरांकडे गेले. फादरांनी 1957 चं ते भाषण समजावून सांगितलं: व्हेंटिलेटर हा असाधारण उपाय, तो चालू ठेवायला तुम्ही बांधील नाही. डॉक्टर तयार होईनात. खटला झाला, खालच्या कोर्टात बाप हरला. तिथल्या बिशपांनी आईवडिलांच्या बाजूनं जाहीर निवेदन काढलं. 31 मार्च 1976 रोजी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं वडिलांच्या बाजूनं निकाल दिला आणि निकालपत्रात बिशपांचं म्हणणं नोंदवलं.

धर्म म्हणजे मशीन सोडू न देणारा, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे पान एकदा वाचावं. इथे मशीन सोडण्याची परवानगी मागायला गेलेला बाप पोपचंच भाषण आधाराला घेऊन गेला होता.

मशीन काढलं, आणि करेन श्वास घेत राहिली. नळीनं अन्न जात होतं. ती नळी काढण्याचा विचारही जोसेफनी केला नाही. ते तिचं जेवण, त्यांच्या लेखी. करेन 1985 च्या जूनमध्ये गेली.

(दृश्य: परळ, केईएम रुग्णालयाचा बाहेरचा रस्ता. बसथांबा, फुलवाला.)

जेवण आणि उपचार यांच्यातली ही रेघ मुंबईला ओळखीची आहे. केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग. 1973 मधल्या हल्ल्यानंतर 2015 पर्यंत याच रुग्णालयात. सहकारी परिचारिकांनी वर्षानुवर्षं हातानं भरवलं, नंतर नळीनं. हे भरवणं थांबवावं का, हा प्रश्न 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे होता तेव्हा ‘आम्ही सांभाळतोय’ असं सांगणारं हेच रुग्णालय होतं. इथे कॅथलिक धर्माचा संबंध नाही. पण 2004 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे जे म्हणाले ते जवळपास हेच. अन्नपाणी, नळीनं दिलं तरी, तत्त्वतः साधारण उपाय. शरीर ते घेतंय तोवर द्यायचं.

इथे व्हितोरिया आणि पोप यांच्यात थोडं अंतर पडतं, असं आम्हाला वाटतं. फादरांना वाटत नाही. ते म्हणतात, ‘शरीर घेतंय तोवर’ या शब्दांत आजीसुद्धा आली. तिचं शरीर आता घेत नाही.

गर्भपात, टेस्ट ट्यूब बाळ, गर्भनिरोधन हे विषय या माहितीपटात नाहीत. तिथे ख्रिस्तसभेचा नकार ठाम आहे, आणि आमच्याशी त्यावर कॅमेऱ्यासमोर बोलायला कुणी तयार झालं नाही.

(दृश्य: टेबलावर कागद, शाईचा पॅड.)

कायद्याचं थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या 9 मार्च 2018 च्या निकालानं वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला, मान्यता मिळाली. 2023 मध्ये पद्धत सोपी झाली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. न्यायालय ज्याला निष्क्रिय दयामरण म्हणतं, म्हणजे उपचार थांबवून मरण येऊ देणं, त्यातलं बरंचसं ख्रिस्तसभा दयामरण म्हणतच नाही. तिच्या लेखी दयामरण म्हणजे मरण यावं म्हणून केलेली किंवा टाळलेली गोष्ट. घरच्यांनी कागद वाचून दाखवला. आजीनं अंगठा दिला.

(दृश्य: महिन्याचा पहिला शुक्रवार. फाटक, स्कूटर, फादर.)

पहिल्या शुक्रवारी फादर आजाऱ्यांच्या घरी परमप्रसाद, मिस्सेतली पवित्र भाकर, घेऊन जातात. खिशात छोटी गोल डबी. आज आजाऱ्यांना लावायचं पवित्र तेलही आहे. तेल आलं की माणूस संपला, ही समजूत अजून घट्ट आहे. म्हणून पूर्वी फादरांना उशिरा बोलवायचे. 1960 च्या दशकात कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं हा संस्कार फक्त मरणाऱ्यांचा नाही, आजाऱ्यांचा म्हटला, तरी ओटीवर बसलेल्यांचे चेहरे पाहा.

कपाळावर तेल. मग दोन्ही तळव्यांवर.

आख्खा प्रसाद आजीला गिळता येत नाही. फादर कणभर तुकडा मोडतात. सून स्वयंपाकघरातून चमचा आणते, पेजेचाच, धुऊन. त्यात घोटभर पाणी, पाण्यात तो तुकडा.

आजी तोंड उघडते. घोट उतरायला वेळ लागतो. तो आम्ही कापलेला नाही.

(निवेदन थांबतं. फक्त पंख्याचा आवाज.)