कठड्यावरची लाल खूण

(वरुड तालुक्यातील एका गावात संत्रा उत्पादकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, सभा सुरू व्हायच्या आधी एका काकांनी मला विचारलं, "बाजूच्याच्या बोअरले दोन इंच पाणी लागलं, माह्या बोअरमधून नुसता धुरळा काहून निंगाला?" आज मी जे काही बोलणार आहे, ते या प्रश्नाचंच उत्तर आहे.

आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेत. घट्ट पाषाणात पाणी मावत नाही. ते मावतं वरच्या मुरुमात, भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यात. भेग काकांच्या बांधाच्या पलीकडून गेली असेल, तर अलीकडे धुरळाच. आणि मुरूम तरी किती धरतो? 100 लिटर मापाच्या मुरुमातून जेमतेम 2 लिटर पाणी सुटतं. म्हणजे एका एकराखालची पाण्याची पातळी 1 मीटर उतरली, तर हाती येतं सुमारे 80 हजार लिटर. आता हाच हिशेब उलटा करा. पावसाचं 10 सेंटिमीटर पाणी खाली मुरलं की पातळी 5 मीटर चढते. म्हणून आपल्या विहिरी भादव्यात तुडुंब दिसतात आणि होळीपर्यंत तळ गाठतात. तुडुंब विहीर पाहून आपण बहार धरतो, म्हणजे झाडांवर फुलं-फळं घ्यायचं ठरवतो, आणि तिथेच फसतो.

जमिनीखालचं पाणी उपग्रहाला दिसतं का, असं मुलं विचारतात. ग्रेस नावाचे 2 उपग्रह 2002 साली सोडले होते, त्यांचे वारसदार 2018 पासून फिरतायत. दोघांमध्ये सुमारे 220 किलोमीटर अंतर असतं. खालच्या जमिनीत पाणी वाढलं किंवा घटलं की तिथली गुरुत्वाकर्षणाची ओढ बदलते, आणि त्या दोघांमधलं अंतर केसभर हलतं. तेवढ्यावरून पाण्याचा अंदाज काढतात. विलक्षण काम आहे. पण त्याच्या नकाशातला एक ठिपका जवळपास अख्ख्या विदर्भाएवढा. त्यात तुमचा सर्व्हे नंबर शोधून सापडायचा नाही.

शेतात येतो तो रेझिस्टिव्हिटी मीटर. चार लोखंडी खुंट्या ठोकायच्या, बाहेरच्या दोघींतून वीज सोडायची, आतल्या दोघींत विजेचा दाब मोजायचा. खुंट्या जसजशा लांब नेऊ, तसतशी वीज खोल जाते. पण एक लक्षात ठेवा, हा मीटर पाणी दाखवत नाही. विजेला खडक किती विरोध करतो, एवढंच दाखवतो. विरोध भेगेतल्या पाण्यामुळे कमी होतो, चिकणमातीमुळे होतो, खाऱ्या पाण्यानेही होतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात मी आकडा कमी पाहून एका शेतकऱ्याला जागा दाखवली. बोअरला पाणी लागलं, पण ओंजळ तोंडाला लावली तर मचूळ. ते कपाशीला दिलं असतं तर काळी जमीन बिघडली असती. त्या माणसाचे पैसे गेले ते माझ्यामुळे. आकडा वाचायच्या आधी तिथली माती आणि शेजारच्या चार विहिरी पाहायला हव्या होत्या. तेव्हापासून आजूबाजूच्या विहिरी मोजल्याशिवाय मी मीटर उघडत नाही.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. काही ठिकाणी नळीत यंत्र सोडलेलं असतं, ते आपोआप नोंद करतं. पण गावात शेकड्यांनी विहिरी असतात आणि निरीक्षणाची असते एखादी. बाकीच्या कोण मोजणार? आपणच.

काम अवघड नाही. कठड्यावर एका जागी लाल रंगाची खूण करा. वजन बांधलेल्या टेपच्या टोकाला खडू फासा, टेप पाण्यात बुडेपर्यंत सोडा. खुणेजवळचा आकडा घ्या, त्यातून भिजलेला भाग वजा करा आणि कठड्याची उंचीही वजा करा. उरलं ते जमिनीपासून पाण्यापर्यंतचं अंतर. मोटार रात्रभर बंद हवी, नाहीतर आकडा खोटा येतो. दर वेळी तीच खूण, तोच टेप. तारीख घालून वहीत लिहा आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवरही लिहा. मोबाइलवर विहिरीची जागा टिपून ठेवली की गावाचा नकाशा आपोआप तयार होतो. पाणी कुठल्या बाजूला सरकतंय, कुठल्या नाल्याजवळ टिकतंय, ते त्यात दिसतं.

आपला तालुका अतिशोषितांत गणला जातो. म्हणजे वर्षाला जेवढं मुरतं त्याहून जास्त आपण उपसतो. पिण्याव्यतिरिक्त 60 मीटरपेक्षा खोल जायला कायद्याची मनाई आहे, तरी आपण किती खोल गेलोत ते तुम्ही जाणता. खोल जाऊन पाणी नवं तयार होत नाही, शेजाऱ्याच्या भेगेतलं आपल्याकडे येतं.

म्हणून ऑक्टोबरची नोंद मला सगळ्यात मोलाची वाटते. आंबिया बहाराला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या बहाराला, ताण द्यायच्या म्हणजे पाणी तोडायच्या आधी ती हाती येते. मागच्या ऑक्टोबरपेक्षा पातळी 2 मीटर खाली असेल, तर झाडं तीच ठेवून उन्हाळा कसा काढणार? तेव्हाच ठरवा, आंबिया धरायचा की पावसाळ्याच्या तोंडी येणाऱ्या मृग बहारावर थांबायचं, नवी कलमं लावायची की नाही. मार्चमध्ये टँकर शोधण्यापेक्षा ते बरं. आणि हे एकट्याने ठरवून भागत नाही, कारण काकांची आणि त्यांच्या शेजाऱ्याची भेग एकच असू शकते.

उद्या सकाळी 7 वाजता मारुतीच्या देवळामागच्या विहिरीपाशी या. काकांच्या बोअरशेजारची विहीरही मोजू. टेप मी आणतो, लाल रंगाचा डबा कोणीतरी आणा. आज रात्री त्या दोन्ही विहिरींच्या मोटारी बंद ठेवा.