धावणाऱ्याचा गुडघा आणि अडवणाऱ्याचा गुडघा

मंडळी, आज मी जो प्रश्न घेऊन उभा आहे तो असा: गुडघ्याचे अस्थिबंध तुटून वर्षभर बाहेर बसलेला अमेरिकन फुटबॉलमधला अनुभवी लाइनबॅकर, म्हणजे चेंडू घेऊन येणाऱ्याला अडवणारा खेळाडू, पुन्हा खेळू शकेल का, आणि ते ठरवायचे कशावरून? आपण सारे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहतो आणि रविवारी आपल्या फोर्टीनाइनर्स संघाचे सामने पाहतो, त्यामुळे त्या संघाचा लाइनबॅकर राहिलेला नव्हॉरो बोमन कोण हे मला सांगावे लागणार नाही. मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे आणि त्याआधी कबड्डीत डावा कोपरा सांभाळत होतो. या दोन्ही अनुभवांतून माझे एक मत बनले आहे. धावणाऱ्याचा गुडघा आणि अडवणाऱ्याचा गुडघा एकाच शस्त्रक्रियेने जोडले जात असले, तरी त्यांच्या परतण्याचा दिवस एकाच पंचांगात पाहू नये.

सुरुवात १९ जानेवारी २०१४ पासून करावी लागेल. सिएटलमध्ये सुपर बोलच्या, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याच्या, दारातला सामना सुरू होता, शेवटचे सत्र होते, आणि सिएटलचा संघ गोलरेषेपाशी येऊन ठेपला होता. जर्मेन कर्सच्या हातातला चेंडू बोमनने उपटून घेतला आणि तो छातीशी धरून खाली पडला. त्याच क्षणी कर्सचे सगळे वजन त्याच्या डाव्या पायावर आले आणि गुडघा जिकडे वळू नये तिकडे वळला. ते दृश्य मी पुन्हा पाहू शकत नाही. पण जेव्हा पाहिले तेव्हा माझी नजर गुडघ्यावर नव्हती, त्याच्या हातांवर होती. एसीएल आणि एमसीएल, म्हणजे गुडघ्याच्या मधला आणि आतल्या बाजूचा, दोन्ही अस्थिबंध तुटत असताना त्या माणसाने चेंडू सोडला नव्हता. मग वेदनेने पकड सुटली, ढिगाऱ्यातून चेंडू सिएटलच्या खेळाडूने घेतला आणि पंचांनी तो सिएटललाच दिला. घरी बसलेल्या प्रत्येकाला चूक दिसत होती, पंचांना मात्र ती पुन्हा तपासता येत नव्हती, कारण मैदानात सुटलेला चेंडू कोणी ताब्यात घेतला हा निर्णय तेव्हाच्या नियमांप्रमाणे रिप्लेच्या कक्षेबाहेर होता. पुढच्याच चालीत सिएटलच्या हातून चेंडू निसटला आणि तो आपल्याकडे आला, हे खरे. सामना आपण २३-१७ असा हरलो, हेही खरे. पण बोमनला गाडीवर घालून बाहेर नेत असताना प्रेक्षकांतून त्याच्या अंगावर पॉपकॉर्न फेकले गेले, आणि ती गोष्ट मला आजही सहन होत नाही. पुढच्या मोसमापासून तो नियम बदलला, आणि लोक त्याला बोमनचाच नियम म्हणू लागले.

हा प्रसंग मी लांबवतो आहे, कारण माझे म्हणणे त्यातच दडलेले आहे. बोमनचा गुडघा त्याने स्वतः निवडलेल्या वळणावर गेला नाही; दुसऱ्याचे शरीर जिथे कोसळले तिथे तो गेला. आपल्या कबड्डीत पाहा. चढाईला आलेला गडी कोणत्या पायावर वळायचे हे आधी मनात ठरवतो आणि मग वळतो. कोपऱ्यावरच्या गड्याला ती मुभा नाही. चढाईपटूचा खांदा कलला की त्याने घोट्यावर झेप घ्यायची, आणि तो कलणे फसवे निघाले तर हवेतल्या हवेत अंग वळवून पुन्हा पायावर यायचे. माझा स्वतःचा गुडघा असाच गेला, यात्रेतल्या सामन्यात, तांबड्या मातीवर. सुकी काटकी मोडावी तसा आवाज मला आतून ऐकू आला. बाजूला बसलेल्या जाणत्या माणसाने 'मुरगळलाय, तेल चोळा' म्हणून पट्टी आवळली आणि उत्तरार्धात मला पुन्हा उतरवले. पुढे दोन वर्षे मी जिना उतरताना भिंतीला हात लावत होतो. सरळ धावता येत होते, पण चढाईपटू समोर आला की पाय विचार करू लागे, आणि कोपऱ्यावर विचार करायला वेळ नसतो.

आता एड्रियन पीटरसनकडे येऊ. मिनेसोटाच्या संघाचा, चेंडू घेऊन धावणारा हा खेळाडू २४ डिसेंबर २०११ रोजी एसीएल तुटून पडला, नऊ महिने भरायच्या आत, सप्टेंबर २०१२ मध्ये परतला आणि त्या मोसमात २,०९७ यार्ड धावून लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच्या कर्तबगारीला माझा नमस्कार आहे. पण त्या एका मोसमाने इतर सगळ्यांच्या डोक्यावर घड्याळ टांगले. २०१४ चा सबंध मोसम बोमन कधी येणार, एवढेच विचारले जात होते. संघाने त्याला त्या वर्षी उतरवलेच नाही, आणि माझ्या मते त्या मोसमातला तोच सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता.

१४ सप्टेंबर २०१५ च्या सोमवारी रात्री सांता क्लाराच्या मैदानात हे दोघे समोरासमोर आले. नव्या गुडघ्याचा बोमन, आणि ज्याची उपमा त्याला वर्षभर दिली गेली तो पीटरसन. पीटरसन सामन्यात दहा वेळा चेंडू घेऊन धावला आणि त्याला अवघे ३१ यार्ड मिळाले, आपण २०-३ असे जिंकलो, आणि मोसमाअखेर १५४ टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला पकडून पाडणे, करून बोमन लीगमध्ये पहिला आला. त्याचा वेग पूर्वीइतका राहिला नव्हता, हे मान्य करतो. चेंडू झेलायला धावणाऱ्याच्या मागे जाताना ते जाणवे. पण समोरची चाल वाचून पाऊल टाकण्यात उशीर होत नव्हता.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा जे सांगायचे कबूल केले होते ते थोडक्यात सांगतो. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान नव्वद टक्के हवी. एका पायावरची उडी टेपने मोजून तीही तितकीच भरली पाहिजे. आणि नऊ महिने हा तळ समजावा, कारण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन जितके लांबवले, तितक्या दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटलेले दिसले. कॅरोलिनाचा लाइनबॅकर थॉमस डेव्हिस याचा उजवा गुडघा नोव्हेंबर २००९ मध्ये गेला आणि जून २०१० मध्ये, सातव्या महिन्याच्या आसपास, सरावात तोच पुन्हा गेला.

अडवणाऱ्यासाठी मी आणखी एक कसोटी लावतो. समोर माणूस उभा करावा, त्याने न सांगता डावी-उजवीकडे पळावे आणि खेळाडूने त्याच्यामागे जावे. पाऊल टाकण्याआधी त्याची नजर क्षणभर गुडघ्याकडे गेली, तर तो तयार नाही, मग महिना अकरावा असो की पंधरावा.

वयाने प्रश्न सुटत नाही. डेव्हिसचा तोच गुडघा सप्टेंबर २०११ मध्ये तिसऱ्यांदा गेला, तरी एकोणतिसाव्या वर्षी, २०१२ मध्ये, तो परतला, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये, दोन आठवड्यांपूर्वी मोडलेल्या हातात धातूची पट्टी बसवून, सुपर बोल खेळला. उलट बोमनचा जोडीदार पॅट्रिक विलिस मार्च २०१५ मध्ये, पायांच्या दुखण्याने, तिसाव्या वर्षी निवृत्त झाला, आणि मी त्याचाही निर्णय तितकाच योग्य मानतो. बोमनच्या टाचेमागचा स्नायुबंध ऑक्टोबर २०१६ मध्ये, डॅलसविरुद्ध, फाटला; तो २०१७ च्या पहिल्या सामन्याला पुन्हा मधोमध उभा होता, आणि ऑक्टोबरमध्ये संघाने त्याला सोडल्यावर खाडीपलीकडे ओकलंडला जाऊन उरलेला मोसम खेळला.