माझ्या वहीतला ‘देश’ नावाचा रकाना

नमस्कार. मे महिन्यातल्या नागपुरात संध्याकाळी सहा वाजता घराबाहेर पडून तुम्ही मंडळी घड्याळांवरचं भाषण ऐकायला आलात, तेव्हा प्रेम तुमचंही आहेच. कूलरच्या आवाजात मागे ऐकू येत नसेल तर हात वर करा. तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलंय, आवाज चढवायला मला वेळ लागत नाही.

माझ्याकडे ४३ मनगटी घड्याळं आहेत. सोन्याचं एकही नाही. बरीचशी नातेवाइकांकडून आली, काही जुन्या बाजारातून, दोन तर भंगारवाल्याच्या वजनकाट्यावरून उचलली. प्रत्येकाची नोंद एका दोनशेपानी वहीत आहे. रकाने पाच: क्रमांक, नाव, कुणाकडून आलं, शेवटची सर्व्हिसिंग, आणि देश. पहिले चार भरायला मला कधी त्रास झाला नाही. पाचव्याने छळलं. सतरा भारत, अकरा स्वित्झर्लंड, नऊ जपान, तीन रशिया. झाले चाळीस. उरलेल्या तिघांसमोर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. ती तिन्ही प्रश्नचिन्हं आज तुमच्यादेखत खोडायची, असं कार्यकर्त्यांना कबूल करून आले आहे.

सुरुवात बाबांच्या घड्याळापासून करते, कारण हा सगळा प्रश्न तिथूनच उपटला.

माझे बाबा आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत होते. रात्रपाळीला टपालाच्या डब्यात उभं राहून पत्रं लावायची, असं त्यांचं काम. १९६४ साली लग्नात माझ्या वर्ध्याच्या आजोबांनी जावयाला सायकल आणि फेवर लुबा हे स्विस घड्याळ दिलं. इथे पांढऱ्या केसांची जी मंडळी बसली आहेत, त्यांना ‘फेवर लुबा’ म्हटल्यावर काय म्हणायचंय ते लगेच कळलं, चेहऱ्यांवर दिसतंय. सायकल गेली. घड्याळ बाबांच्या मनगटावर पंचेचाळीस वर्षं राहिलं.

मी सात-आठ वर्षांची असताना ते एकदा बंद पडलं. बाबा मला घेऊन आपल्या महाल भागात त्यांच्या ओळखीच्या कारागिराकडे गेले. जिन्याखालची टपरीएवढी जागा. त्या काकांनी बॅक, म्हणजे घड्याळाचं मागचं झाकण उघडलं, डोळ्याचं भिंग काढून माझ्या डोळ्याला लावलं आणि म्हणाले, हलू नको. मला आत दोन चाकं दिसली, शेजारी शेजारी, आणि दोन्हींवर मधल्या स्क्रूपासून कडेपर्यंत किरणांसारख्या रेघा. मी ओरडले, “बाबा, यात दोन सूर्य आहेत!” काका हसले. ते दोन बॅरल होते. चावी दिली की स्प्रिंग ज्या डबीत गुंडाळली जाते ती डबी. बहुतेक घड्याळांत एकच असते. फेवर लुबाच्या त्या काळातल्या एका पातळ मशीनमध्ये दोन असायच्या, म्हणजे ताकद दोन स्प्रिंगांत वाटली जाते आणि जास्त एकसारखी मिळते. हे मी खूप नंतर शिकले. तेव्हा मला फक्त दोन सूर्य माहीत होते, आणि पुढे कित्येक दिवस मी वर्गात सगळ्यांना सांगत होते की आमच्या घरी दोन सूर्य आहेत.

बाबा २००९ मध्ये गेले. घड्याळ वर्षभर कपाटात होतं. मग मी ते शहरातल्या एका मोठ्या, काचेच्या दुकानात सर्व्हिसिंगला दिलं. नाव घेणार नाही. तीन आठवड्यांनी घड्याळ मिळालं ते लख्ख. डायल पांढरीशुभ्र. बाबांच्या डायलवर चाराच्या आकड्यापाशी एक तांबूस डाग होता, तो नाहीसा. खाली सहाच्या दोन्ही बाजूंना ‘स्विस मेड’ ठळक. दुकानदार म्हणाला, “पॉलिश करून दिलंय मॅडम.” मी पैसे दिले, घरी आले आणि चावी दिली. बोटांना काहीतरी वेगळं लागलं. आता बोटांना काय लागलं हे कुणाला सांगणार? मी गप्प बसले. सात वर्षं गप्प बसले.

२०१७ मध्ये इतवारीतल्या एका वयस्कर कारागिरांकडे दुसरंच घड्याळ घेऊन गेले होते. बाबांचं हातात होतं. ते म्हणाले, “काढा न, पाहू द्या.” बॅक उघडली, भिंग लावलं, आणि काही न बोलता भिंग माझ्याकडे दिलं. आत एकच सूर्य होता.

मशीनच्या भोवती पत्र्याची बारीक रिंग होती. मूळ मशीन जेवढं होतं तेवढं हे नव्हतं, म्हणून मधली जागा भरायला घातलेली. बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे डोलणाऱ्या चाकाच्या खाली प्लेटवरचा ठसा त्यांनी वाचला: एफएचएफ, ९६. म्हणाले, “मॅडम, हे मशीन तुमच्या वडिलांचं नाही न. कोणीतरी बदलवलं. डायलही पुन्हा रंगवली आहे.” मी दुकानातून बाहेर येऊन इतवारीच्या त्या गर्दीत किती वेळ उभी राहिले मला आठवत नाही. माणूस गेल्याचं दुःख एकदा होऊन गेलेलं असतं. हे दुसऱ्यांदा झालं.

आणि आता ऐका. एफएचएफ म्हणजे फोंतेनमेलॉनचा कारखाना. फोंतेनमेलॉन स्वित्झर्लंडमध्ये आहे. म्हणजे बाबांचं मशीन चोरीला गेलं, डायल खरडून पुन्हा छापली, आणि तरीही माझ्या वहीत ‘देश: स्वित्झर्लंड’ असं जे लिहिलं होतं ते शंभर टक्के बरोबर होतं! त्या रात्री मी वही उघडली, ‘स्वित्झर्लंड’ खोडलं आणि पहिलं प्रश्नचिन्ह काढलं. ज्या रकान्याला ही चोरी दिसत नाही, तो रकाना कशासाठी ठेवायचा?

तुमच्यापैकी कुणाकडे वडिलांचं, आजोबांचं जुनं घड्याळ असेल तर हात जोडून सांगते: सर्व्हिसिंगला देण्याआधी बॅक तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि मशीनचा फोटो काढा. आता सगळ्यांच्या खिशात कॅमेरा आहे. आणि डायल रंगवू देऊ नका. डाग असू द्या.

थोडं विषयांतर करते, पण नागपूरकरांसमोर हे बोलल्याशिवाय मला राहवत नाही. वेळेलाही गाव असतं. आपल्या सगळ्यांच्या मनगटावरची वेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, मिर्झापूरकडची. नागपूर आहे साधारण ७९.१ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपण सरासरी तेरा-चौदा मिनिटं मागे. झीरो माइलच्या खांबापाशी उभं राहून घड्याळात बारा वाजताना पाहिलं तर वर्षातले बहुतेक दिवस सूर्य अजून माथ्यावर आलेला नसतो. दरवर्षी नववीच्या मुलींना मी काठी रोवून सावली मोजायला लावायची. प्रमाणवेळ आली १ जानेवारी १९०६ ला, त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावत होती. मुंबईने तर स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं स्वतःची वेळ सोडली नव्हती. पहिल्या रांगेतले काका मान डोलावताहेत, त्यांनी नक्की मुंबईत दिवस काढले असणार.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिली आहेत म्हणतात. मला वाटलं होतं वीस असतील. बरं, मुद्द्यावर येते.

‘स्विस मेड’ हे दोन शब्द कायद्याचे आहेत. नियम १९७१ चा, आणि १ जानेवारी २०१७ पासून तो कडक झाला: मशीन स्विस हवं, ते केसमध्ये तिथेच बसवलेलं हवं, शेवटची तपासणी तिथेच व्हायला हवी आणि उत्पादनखर्चाचा निदान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला हवा. उरलेले ४० टक्के कुठलेही असू शकतात. यात लबाडी काही नाही, नियम उघड आहे. पण देश हा टक्क्यांचा हिशेब आहे, एवढं तरी आपल्याला माहीत हवं.

मग माझे तीन रशियन. ते मी अगदी निर्धास्त लिहिले होते. त्यातलं एक पोल्योत माझ्या मावशीच्या यजमानांचं. ते भिलाईच्या पोलाद कारखान्यात होते आणि परत जाणाऱ्या एका सोव्हिएत इंजिनिअरने ते त्यांना काढून दिलं. पोल्योत बनायचं मॉस्कोच्या पहिल्या घड्याळ कारखान्यात. तो कारखाना १९३० मध्ये उभा राहिला कशावर? अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कँटन गावी ड्यूबर-हॅम्पडेन नावाची कंपनी बुडाली होती. तिची यंत्रं सोव्हिएत सरकारने विकत घेऊन बोटीने नेली. शिकवायला तिथले कारागीरही गेले. चीनमध्येही तसंच. तियानजिनच्या कारखान्याने स्विस व्हीनस कंपनीच्या १७५ नंबरच्या क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचही असलेल्या मशीनची यंत्रसामग्री घेतली, आणि त्यातून निघालेलं मशीन आजही बनतं. कारखाने असे गाव बदलतात. कुणीतरी कुणाला तरी शिकवलेलं असतं, आणि ‘मेड इन’मध्ये ते शिकवणं कुठेच येत नाही.

दुसरं प्रश्नचिन्ह माझ्या आईच्या एचएमटी सुजाताचं. एचएमटीने घड्याळाचं काम १९६१ मध्ये बंगळुरूला जपानच्या सिटिझनच्या मदतीने सुरू केलं. एचएमटीच्या ‘जनता’ घड्याळाच्या डायलवर ‘पॅराशॉक’ लिहिलेलं आठवतं? तो सिटिझनचा शब्द, बॅलन्सला धक्का लागू नये म्हणून केलेल्या व्यवस्थेचं नाव. सुरुवातीला सुटे भाग तिकडून यायचे, हळूहळू इथे बनू लागले. आईच्या घड्याळातला कोणता भाग कुठला, हे आता कुणी सांगू शकणार नाही. मग जपान लिहू? नाही. मी सांगते का नाही. ते जोडणारे हात बंगळुरूचे, आणि पुढे जो कारखाना बंद करायला २०१६ मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली तोही आपलाच. सुजातासमोर मी आता शाईने ‘भारत’ लिहिते. सतराचे अठरा झाले.

तिसरं भाच्याने दिलेलं. डायलवर ‘जपान मूव्हमेंट’, म्हणजे मशीन जपानचं, पाठीवर ‘थायलंड’. दोन्ही खरं. ते मी दोन्ही लिहिते, भांडण मिटलं.

म्हणजे करायचं काय? एक रकाना पुरत नाही. मी आता तीन केले आहेत. पहिला ‘डायल’: तिथे जे छापलंय ते जसंच्या तसं. दुसरा ‘मशीन’: बॅक उघडून जो ठसा दिसतो तो, आणि ते मशीन मुळात कुणाकडून शिकून आलं. तिसरा ‘हात’: ते कोणी उघडलं, कोणत्या गावी, कोणत्या साली. या तिसऱ्यासाठी मी भांडायला तयार आहे. महालातले ते जिन्याखालचे काका कुठल्याच कायद्यात बसत नाहीत, पण पंचेचाळीस वर्षांतली निदान वीस वर्षं बाबांचं घड्याळ त्यांनी चालतं ठेवलं. बाबांच्या ओळीत आता असं आहे. डायल: स्विस, पुन्हा छापलेली. मशीन: एफएचएफ ९६, मूळ नव्हे. हात: महाल, नागपूर. आणि त्या दुकानाचं नावही तिथे लिहिलं आहे, कारण वही माझी आहे.

वेळ संपली, हो, बघतेय. शेवटचं: त्या कोपऱ्यातल्या टेबलावर आईची सुजाता, मावशीकडचं पोल्योत आणि बाबांचं फेवर लुबा ठेवलंय. बॅक तिन्हींची उघडून आणली आहे, शेजारी भिंग आहे. शिवाय गेल्या दिवाळीत जुन्या बाजारात मला एक फुटकं फेवर लुबा सापडलं, काच नाही, काटे नाहीत, तेही तिथेच आहे. त्यात दोन सूर्य आहेत. एकेकाने या, हात लावू नका, आणि वाकून पाहताना श्वास जरा बाजूला सोडा.